दाजी गुरवांचा एकच प्रश्न

दाजी बोलताना समोरच्या माणसाकडे बघत नसत. त्याच्या खांद्यावरून मागे, जिथे काहीच नाही अशा जागी त्यांची नजर लागलेली असे. पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास वळून बघायचा. मागे माड, वाळू, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. पुन्हा दाजींकडे वळावं तर ते तिथेच बघत असायचे, आणि मग त्या माणसालाही वाटू लागायचं की तिथे काहीतरी आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. माझ्या हॉटेलात उतरलेले कितीतरी पाहुणे हातातला चहा निवेपर्यंत त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिलेले मी पाहिलेत.

त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. माझा त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. उतरला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. मी बर्फाच्या गाडीवर लाद्या उचलून मोठा झालो, मासळीच्या लिलावात बोली लावायला शिकलो, मग खानावळ काढली, आणि मग आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, आमच्याच गावात हे हॉटेल बांधलं. कुणी काही दिलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून. आयुष्यात कुठलाही सौदा मी पहिल्या शब्दाला सोडला नाही. एक सोडला. तो दाजींनी सोडायला लावला, आणि तोसुद्धा मला कळायच्या आत.

दाजी गुरवांच्या घरातले. देवळातली पाळी भावाभावांत वाटलेली, त्यामुळे वर्षातले बरेच दिवस त्यांच्याकडे मोकळे असायचे. ते मोकळे दिवस त्यांनी माझ्या कौंटरवर काढले. हिशेबाला बरे, झोपेला त्याहून बरे. दुपारी डोळे उघडे ठेवून झोपायची त्यांची कला मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. लुंगीवर पांढरा शर्ट, कानात अत्तराचा बोळा, आणि कुठल्याही गोष्टीला पहिलं उत्तर, "वायच थांबा." पाहुण्याने खोलीची चावी मागितली तरी वायच थांबा. मोबाइल हातात घ्यायच्या आधी ते हात धुवून यायचे. मी एकदा म्हटलं, "दाजी, तो फोन आसा, देव नाय." ते म्हणाले, "तेतूर पण माणसा बोलतत मां?" आणि टॉवेलाला हात पुसत राहिले.

आमच्या गावात मोठं काहीही देवाला विचारल्याशिवाय ठरत नाही. गुरव भिजवलेले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि सगळे गप्प बसून वाट बघतात. उजवा कळा पडला तर होय, डावा पडला तर नाही. दाजींचं म्हणणं असं की कौल लावणं सोपं. कठीण काय तर प्रश्न करणं. लोक येतात ते अर्धा तास बोलतात, जमीन, भाऊ, आजारपण, मुलीचं लग्न, सगळं एकात एक. त्यातून गुरवाने असा एक प्रश्न काढायचा की ज्याला दोनच उत्तरं आहेत. "देवाक उजवो आणि डावो, दोनच हात," ते म्हणायचे. "तेका लांबण लावन कसा चलतला?"

ही सवय त्यांनी हॉटेलातही आणली. एकदा पुण्याचं एक कुटुंब कौंटरवर आलं. डॉल्फिन बघायला होडीतून जावं का, मुलांना उलटी होईल का, सकाळी बरं की संध्याकाळी, नाही दिसले तर पैसे परत मिळतील का, त्यापेक्षा किल्ल्यावरच जावं का. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग गृहस्थांच्या खांद्यावरून मागे बघत, ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत विचारलं, "आपल्याला मासा बघायचा आहे की फोटो पाहिजे?" गृहस्थ चपापले. बायकोकडे बघितलं. म्हणाले, "खरं तर फोटोच." "मग इथंच काढा. ऊन चांगलं पडलंय." ते लोक दिवसभर आमच्या सुरूच्या बनात बसले. मुलं वाळूत झोपली. जाताना म्हणाले, कोकणात खरी विश्रांती इथेच मिळाली. होडीवाल्याने मात्र मला शिव्या घातल्या, कारण त्याच्याशी माझं ठरलेलं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

पुण्यातली एक कंपनी आपल्या लोकांचे गट सहलीला पाठवते. त्यांचं काम मिळालं तर पावसाळ्यातसुद्धा खोल्या भरतात. मी बऱ्याच खेपा घालून त्यांना राजी केलं. पण शेवटी त्यांनी एक अट घातली. हॉटेलात काम करणाऱ्या प्रत्येकाचं प्रशिक्षण झालेलं हवं: अन्न कसं हाताळायचं, हात कसे धुवायचे, पाहुण्याशी कसं बोलायचं, आग लागली तर काय करायचं. ऑनलाइन शिकलेलं चालेल, पण प्रमाणपत्र हवं. आमचा माणूस मार्गशीर्षात येऊन बघून जाईल, म्हणाले.

प्रशिक्षण म्हटलं की माझ्या डोक्यात जाळ होतो. मागे मी गावातल्या दोघांना स्वतःच्या खर्चाने गोव्याला पाठवलं होतं, टेबलावर वाढायचं शिकायला. ते शिकले आणि तिथेच राहिले. त्यातला एक दर गणपतीला येतो, माझ्याच फाटकासमोर मोटारसायकल उभी करतो आणि विचारतो, "काय शेठ, धंदो बरो?" तेव्हापासून मी ठरवलं होतं की यापुढे माझ्या पैशाने जो शिकेल, त्याचं शिकणं माझ्या फाटकाच्या आत राहिलं पाहिजे. मला माझं स्वयंपाकघर राखायचं होतं. एवढीच माझी गोष्ट होती, आणि ती मी दाजींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली होती.

ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांचे फोन सुरू झाले. तिघांनी आठवडाभर फुकट बघायला दिलं. दर पाडायचं काम मी माझ्याकडे ठेवलं, आणि कुठला बरा ते बघायचं काम दाजींना दिलं. म्हटलं, "तिघांचो तक्तो करा. खंयचा काय, समोरासमोर."

"तक्त्यात काय कळतला, शेठ? जेवाण पानात पडल्याशिवाय चव कळता?"

त्यांनी तक्ता केला नाही. दुपारची जेवणं आटोपली की ते स्वयंपाकघरामागच्या पडवीत जायचे. हात धुवायचे, ओल्या अंगठ्याने फोनची काच पुसायची, फोन नारळाला टेकवून उभा करायचा, आणि सगळ्या बायामाणसांना समोर बसवायचं. मी आतून बघायचो. ती वेळच अशी असते की सगळा किनारा पेंगुळलेला असतो. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबल्यासारखं होतं, वाळूवर सावली हलत नाही, कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरतात. त्या शांततेत फोनमधून कुठल्यातरी दूरच्या शहरातला आवाज हात धुवायला सांगायचा, आणि खाली बसलेल्या बाया पापण्या मिटत, उघडत ऐकायच्या. कधीकधी वाटायचं की तो आवाज फोनमधून नाही, समुद्राकडूनच येतोय.

त्या तिघांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. पडवीने त्यांना आपली नावं दिली. एक होता "वाचूचो". त्यात नुसता मजकूर आणि शेवटी प्रश्न. तो दोन दिवसांत गळाला, कारण तो लावला की सगळे झोपत, दाजी सगळ्यांत आधी. दुसरा "कार्टुनाचो". मराठीत बोलणारी रंगीत चित्रं, एक टोपीवाला कोंबडा, आणि दर पाच वाक्यांनी थांबून तो विचारायचा, "समजलं का?" तिसरा "काकींचो". त्यात हिंदीत बोलणारी एक वयस्कर बाई होती, कपाळाला मोठं कुंकू. ती सावकाश काम करून दाखवायची आणि मध्येच गप्प राहायची, जणू तुमचं होईपर्यंत थांबली आहे.

मला कार्टूनचा आवडला होता, आणि तो सगळ्यांना आवडेल याची खात्री होती. त्या कंपनीच्या बाईंना मी व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि म्हटलं, बघा आमची माणसं कशी शिकतात. कोंबडा बोलला. म्हणाला, "कच्चं मांस आणि शिजवलेलं अन्न वेगळं ठेवा. समजलं का?"

पडवीतून एका सुरात आलं, "व्हय म्हाराजा!"

देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव एकेक मागणं म्हणतो आणि मागे उभा असलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. लहानपणापासूनची सवय. कुणी ठासून बोलून थांबला की आमच्या तोंडून ते निघतंच. कोंबडा पुढे बोलत राहिला, पडवी गर्जत राहिली. कार्टूनवाल्या बाईंचे डोळे पाणावले. म्हणाल्या, "सर, एवढा उत्साह आम्ही कुठेच पाहिला नाही." मी त्याच आनंदात आणखी दर पाडून घेतला.

फोन ठेवल्यावर दाजी म्हणाले, "शेठ, गाऱ्हाण्याक सगळेच व्हय म्हणतत. मागे उभो रवलेलो तंबाखू मळीत व्हय म्हणता. तेका कायव कळलेला नसता."

"मगे? तुमची ती काकी बरी?"

"तिका सुनंदा उलट बोलता," दाजी म्हणाले. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

सुनंदा म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची मुख्य. खानावळीपासून माझ्याकडे. तिच्या हातच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यासाठी लोक वाट वाकडी करून यायचे. जीभ मात्र माझ्यासारखीच. काकी पडद्यावर मासा कापायला लागली की ही पडवीतून ओरडायची, "गो बाय, सुरमय अशी धरतत? हातातसून निसटतली मां!" काकी बिचारी गप्प राहायची. मग सुनंदा उठून आतून सुरी आणायची आणि दाखवायची. पुढे काकी बर्फ कसा बदलायचा ते सांगायची, आणि सुनंदा मान तिरकी करून म्हणायची, "ह्या मात्र बरा सांगल्यान." तेवढं ती दुसऱ्या दिवशी करायची. मी ते पाहत होतो. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं.

दाजींनी मग आपला प्रश्न काढला. कितीतरी दिवस ते तो मनात घोळवत असावेत. मी दोन्ही कंपन्यांना पुन्हा कॉल लावला तेव्हा ते माझ्या बाजूला येऊन बसले, आणि फोनच्या पलीकडे, खिडकीबाहेर कुठेतरी बघत म्हणाले, "एकच विचारायचं आहे. समजा, माणूस नोकरी सोडून गेला. तर त्यानं शिकलेलं कुठं जातं?"

कार्टूनवाल्या बाई उजळल्या. "सर, तीच आमची खासियत. सगळं कंपनीच्या खात्यात राहतं. माणूस गेला की त्याचं लॉगिन बंद. प्रमाणपत्रं तुमच्याकडे."

"आणि त्याच्याकडे काय राहतं?"

"त्याच्याकडे..." बाई थांबल्या. "सर, तो गेलाच ना."

मी मांडीवर थाप मारली. हेच मला हवं होतं.

काकीवाल्यांचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे खातं शिकणाऱ्याच्या नावावर उघडतं. माणूस कुठेही गेला तरी ते त्याच्याबरोबर. पण आपली इच्छा असेल तर कंपनीच्या नावावरही उघडता येतं. नाव आपण घालाल ते."

दाजींनी डोळे मिटले. मी त्यांना म्हटलं, "ऐकलात? आपलो कोंबडोच बरो." ते म्हणाले, "वायच थांबा."

आणि मी थांबलो. दाजींसाठी नाही, दरासाठी. कोंबडा अजून थोडा खाली येईल असा माझा अंदाज होता. मी रोज फोन करायचो, रोज रागावून ठेवायचो. असं करताकरता दिवस गेले, आणि तेवढ्यात देवाने कौल दिला की गावपळण करा.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्या गावात काही वर्षांनी अशी वेळ येते की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गावाबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. गावात मागे कुणी राहायचं नाही, दिवा लावायचा नाही. वेशीपलीकडे माडाच्या झापांच्या राहुट्या बांधायच्या आणि तिथे राहायचं. हॉटेलही गावातच, त्यामुळे तेही बंद. ऐन हंगामात. पाहुण्यांना परत पाठवताना माझा कसा संताप झाला ते मला ठाऊक. पण देवाच्या पुढे घासाघीस चालत नाही, एवढं मीही मानतो. वाईट एवढंच की कंपनीचा माणूस गाव भरल्यावर लगेच येणार होता आणि माझ्याकडे एकही प्रमाणपत्र नव्हतं.

खाडीपलीकडच्या माळावर आम्ही उतरलो. मी तीन-चार गावपळणी पाहिल्यात, पण त्या माळावरचा तो पहिला दिवस माझ्या डोळ्यांपुढे वेगळाच राहिलाय. पाण्यापलीकडे आमचा गाव नुसता उभा होता. कौलं, माड, देवळाचा कळस, माझं हॉटेल. धूर नाही, कोंबडा नाही, हाक नाही. आपण मेल्यावर आपलं घर कसं दिसत असेल, तसं ते दिसत होतं. म्हातारी माणसं खाडीच्या काठावर बसून आपापल्या घराकडे बघत होती आणि हलक्या आवाजात बोलत होती, कुणी झोपलेलं उठू नये तसं. इकडे माळावर मात्र चुली पेटल्या होत्या, मुलं हुंदडत होती, आणि शेठ नि गडी अशी कसली रेघ उरली नव्हती. मी सुनंदाच्याच चुलीवर जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाजी आले. म्हणाले, माळावर नेट नाही. कोंबड्याला नेट लागतं, आणि हॉटेलातलं यंत्र लागतं. काकीचे धडे त्यांनी गाव सोडायच्या आधी सगळ्यांच्या फोनात भरून ठेवले होते. "दोन दिवस आसत. सगळी मोकळी आसत. शिकान होतला. परीक्षेक तेवढा टेकाडार जावक होया, थंय वायच रेंज गावता."

मला दुसरा मार्ग नव्हता. कोंबडा सुटला. इतके दिवस पाडलेला दर खाडीत गेला. मी चहा प्यायलो आणि राग गिळला.

मग तो सबंध दिवस माळावर काकीचा आवाज फिरत राहिला. कुणी गुरांजवळ बसून ऐकतंय, कुणी राहुटीच्या सावलीला आडवं पडून. वाऱ्याबरोबर कधी इकडचं वाक्य ऐकू यायचं, कधी तिकडचं. रिकाम्या गावाकडे तोंड करून सगळी माझी माणसं शिकत होती, पाहुण्याचं स्वागत कसं करायचं. पलीकडे दारं बंद.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी बसलो होतो. सुनंदा भात ढवळत होती. बाकीची पाच-सहा माणसं ताटं घेऊन बसलेली. दाजी फोन घेऊन आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"शेठ, एकच सांगा. सांजेक परीक्षा. नाव घातल्याशिवाय पान उघडणा नाय. नाव कोणाचा घालूचा? हाटेलाचा की माणसाचा?"

"माका आता इचारू नकात, दाजी."

"मगे कधी इचारू?"

मला उत्तर ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पण सगळ्यांच्या देखत, ज्यांच्या चुलीवर जेवतोय त्यांच्यासमोर, ते म्हणायला जीभ वळेना.

सुनंदाने पळी आपटली. "घाला ओ दाजी हाटेलाचाच! आमची नावा घालून काय उजेड पडतलो? शेठाक भीती वाटता, आम्ही गोव्याक पळान जातलो म्हणान."

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, पण गोवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ती मोटारसायकल आली. मी उठलो. "घाला माणसांची! एकेकाचा नाव घाला, आवस-बापाशीसकट घाला! आणि जातत ती सगळी जावंदेत! मी एकटो रांधतलंय!"

आणि ताट तिथेच टाकून मी खाडीकडे चालू लागलो.

हे नीट समजून घ्या. लिलावात उभा राहिलेला कुणीही माणूस हे ओळखेल. बोली मनाजोगी होत नसली की आपण टोकाचं बोलतो, टोपली लाथाडतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. समोरचा हाक मारतो. मग परत यायचं आणि खरा सौदा करायचा. सगळ्या किनाऱ्याचा धंदा असाच चालतो. मी खाडीच्या काठावर जाऊन उभा राहिलो आणि हाकेची वाट बघू लागलो. पाणी चढत होतं. पलीकडच्या गावात एक माड उगाच हलत होता. हाक आली नाही.

वळून बघितलं तर दाजी हात धुवून बसले होते आणि एका बोटाने फोनवर टाइप करत होते. समोर माणसांची रांग लागली होती.

मी धावत गेलो. "दाजी, थांबा! मी रागान बोललंय!"

"देव पण कधी कधी रागान देता," ते म्हणाले. "कळो पडलो तो पडलो, शेठ. परत लावूचो नसता."

"मी देव नाय!"

"ता माका म्हायत आसा," दाजी म्हणाले, आणि पुढच्या बाईला म्हणाले, "हां, तू सांग गो, पुरा नाव."

मी ओरडू शकलो असतो. फोन हिसकावून घेऊ शकलो असतो. पण सगळा माळ ऐकत होता, आणि दिलेला शब्द सगळ्या गावासमोर मागे घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी लिलावात कुठल्या तोंडाने उभा राहील? दाजींना हे ठाऊक होतं का? माझं मत, होतं. सगळं ठाऊक होतं.

संध्याकाळी माणसं परीक्षेला टेकाडावर चढली. खाली बसून मी बघत होतो. आकाश अजून पुरतं विझलं नव्हतं. कड्यावर एकेक आकृती, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर खालून पडलेला फोनचा उजेड. त्या एवढ्या हळू हलत होत्या की वाटावं, पाण्याखाली चालल्या आहेत. मध्येच सुनंदाची हाक आली, "दाजी, ह्येचा उत्तर काय ओ?" आणि दाजींचं उत्तर, "तुझा तू बघ." नंतर कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली. दाजी त्यांच्यामध्ये उभे होते, कुणाकडेच न बघता, तिथून दिसणाऱ्या काळोख्या समुद्राकडे तोंड करून.

सगळी पास झाली. खाली उतरल्यावर सुनंदाने फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर तिचं पूर्ण नाव, खाली सही, भोवती सोनेरी वेलबुट्टी. "शेठ, आतापासून माका नुसता सुनंदा म्हणू नकात. मॅडम म्हणा."

"मॅडम, भात करपलो," मी म्हटलं. ती धावली.

कंपनीचा माणूस आला, बघून गेला, काम मिळालं. हंगाम चांगला गेला. वैशाखात सुनंदाने सांगितलं की वेंगुर्ल्याकडे एका मोठ्या हॉटेलात तिला बोलावलंय. लेक तिकडेच दिलेली, नात झालेली. त्यांनी फोनवर प्रमाणपत्र मागितलं होतं, तिने पाठवलं. पाठोपाठ आणखी दोघी गेल्या. माझं स्वयंपाकघर, जे राखायला मी एवढा आटापिटा केला, ते पावसाळ्याच्या तोंडावर रिकामं झालं.

मी कौंटरवर दाजींना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाहुणे खोल्यांतून बाहेर आले. तुम्ही माझं मीठ खाल्लंत, म्हटलं, आणि माझीच चूल विझवलीत. एक प्रश्न, एक प्रश्न म्हणत माझा गळा कापलात. दाजी माझ्या खांद्यावरून मागे बघत ऐकत होते. बोलता बोलता दम लागला तेव्हा मी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वळून बघितलं. मागे पडवीचं दार उघडं होतं. पडवी झाडून ठेवलेली, पाट भिंतीला लावलेले, आणि दुपारचं ऊन आत येऊन नुसतं पसरलेलं.

"संपला?" दाजींनी विचारलं.

"नाय संपला. कधी संपणार पण नाय."

"बरा," ते म्हणाले आणि चाव्या मोजायला लागले.

त्यांनी नोकरी सोडली नाही आणि मी काढलं नाही. पावसाळाभर आम्ही कामापुरतं बोललो. आश्विनात मी आजूबाजूच्या वाड्यांतून नव्या बाया आणल्या. या वेळी मी पक्कं ठरवलं होतं. खाती हॉटेलाच्या नावाने. राग नाही, आरडाओरडा नाही, थंड डोक्याने, एका वाक्यात सांगायचं. ते वाक्य मी रात्रभर घोटलं होतं.

सकाळी गेलो तेव्हा दाजी पडवीत होते. चष्मा नाकावर, फोन नारळाला टेकवलेला, समोर नव्या बाया ओळीने, पदर सावरून, लग्नाला आल्यासारख्या. आदल्या सरीने सगळं धुतलेलं होतं आणि खाडीवरून धुकं असं चढत होतं की पडवी, माणसं, माड सगळंच थोडं जमिनीपासून सुटल्यासारखं वाटत होतं. दाजी बारीक झाले होते. ते मला तेव्हाच दिसलं. त्या हंगामानंतर त्यांनी अंथरूण धरलं, आणि मी भेटायला गेलो तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे होते, त्यामुळे माझ्या लेखी दाजी ते, त्या सकाळचेच.

मी पायरीवर उभा राहिलो. त्यांनी मागे न वळता विचारलं, "शेठ, काय बोलूचा आसा?"

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांतली एक, कोपऱ्यातली, अगदीच नवी, आपलं नाव सांगायला पुढे सरकलेली, ती अर्ध्यात थांबली.

मी म्हटलं, "कोलंबी इली काय, ता इचारूक इलंय."

"भरतीवांगडा येतली," दाजी म्हणाले. मग त्या बाईकडे वळले. "घोवाचा नको गो. तुझा सांग."

नवऱ्याचं सोडून स्वतःचं नाव ती इतक्या हळू बोलली की मला ऐकू आलं नाही. दाजींना आलं. ते एक अक्षर दाबायचे आणि पुढचं शोधत थांबायचे, आणि ती मान पुढे काढून त्यांच्या बोटाकडे बघत होती. तिचं नाव लांबलचक असावं. मी कोलंबी बघायला बंदराकडे निघालो, तोवर ते पुरं झालं नव्हतं.